यमूच्या डोळ्यांनी

मैत्रिणींनो, तुमच्यातल्या कितीतरी जणी लिहितात. कुणी दिवाळी अंकाच्या कथास्पर्धेसाठी, कुणी महिला मंडळाच्या हस्तलिखितासाठी, तर कुणी नुसतंच, मुलांच्या अर्ध्या भरलेल्या वहीत दुपारची भांडी आवरून झाल्यावर. आणि लिहायला बसलं की पहिली अडचण गोष्टीची नसतेच मुळी. गोष्ट आपल्याकडे ढीगभर असते. अडचण असते ती पहिल्या वाक्याची. सुमन सकाळी उठली असं लिहायचं, की मी सकाळी उठले असं?

‘सुमन’ म्हटलं की गोष्ट जरा लांब जाते, परक्या घरातली वाटते. ‘मी’ म्हटलं की शेजारीण हळूच विचारते, हे तुमच्याच सासरचं का हो? मग आपण घाबरून ‘मी’ खोडतो आणि पुन्हा सुमन आणतो. गंमत बघा, व्याकरणाच्या पुस्तकात या ‘मी’ला प्रथमपुरुष म्हणतात. बाई बोलत असली तरी प्रथम पुरुषच!

तुम्ही खांडेकरांची ‘ययाति’ वाचली असेल. तिथे ययाति स्वतःचं सांगतो, देवयानी तिचं सांगते आणि शर्मिष्ठा तिचं. ‘मृत्युंजय’मध्ये कर्णाबरोबर कुंती बोलते, वृषाली बोलते. एकच घटना, पण सांगणारं माणूस बदललं की तिचा रंगच बदलतो. आज आपल्याला यात काही नवल वाटत नाही. पण गोष्ट कुणाच्या डोळ्यांनी बघायची, हा प्रश्न आपल्या मराठीत फार पूर्वी एका माणसाने असा काही सोडवला की त्याने अख्ख्या पुण्याच्या माजघराचं दार उघडलं गेलं. तो माणूस म्हणजे हरि नारायण आपटे. सगळे त्यांना हरिभाऊ म्हणत, आपणही तेच म्हणू.

हरिभाऊंचा जन्म ८ मार्च १८६४ चा, खानदेशातल्या पारोळ्याचा. (आठ मार्च! आपला महिला दिन. योगायोगच, पण मला आवडतो.) पारोळं आता जळगाव जिल्ह्यात येतं. आई लहानपणीच गेली. आईविना पोर एकत्र कुटुंबात वाढलं. घरात कर्ते होते ते काका, महादेव चिमणाजी आपटे, मुंबईतले नावाजलेले वकील. आधी मुंबई आणि मग पुणे असं हरिभाऊंचं शिक्षण झालं. आईविना वाढणाऱ्या मुलाला मोठ्या घरात बायकांच्या बोलण्याकडे कान लागलेला असतो, असं मला आपलं वाटतं. कुणाच्या आवाजात माया आहे आणि कुणाच्या आवाजात नुसतं कर्तव्य, हे त्याला चटकन कळतं. हरिभाऊंच्या पुस्तकांत हा कान जागोजागी दिसतो.

पुण्यात ते न्यू इंग्लिश स्कूलमध्ये होते. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक, आगरकर यांनी उभी केलेली ही शाळा. १८८२ साली विष्णुशास्त्री वारले, तेव्हा या विद्यार्थ्याने ‘शिष्यजनविलाप’ नावाची कविता लिहिली. पुढच्याच वर्षी आगरकरांचं ‘विकारविलसित’ आलं, म्हणजे शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चं भाषांतर. त्यावर हरिभाऊंनी चांगली लांबलचक टीका लिहिली. स्वतःच्या गुरुजींच्या पुस्तकावर! वय विसाच्या आत-बाहेर. एवढा हुशार मुलगा, पण कॉलेजात गणिताने दगा दिला आणि पदवी काही मिळाली नाही. लग्न मात्र रीतीप्रमाणे १८७९ मध्ये, पंधराव्या वर्षीच, होऊन गेलेलं.

पदवी नाही तर पोटापाण्याचं काय? काकांनी १८८८ साली पुण्यात आनंदाश्रम ही संस्था काढली. जुन्या संस्कृत पोथ्या जमवायच्या, शुद्ध करून छापायच्या, हे तिचं काम. त्याची व्यवस्था हरिभाऊंकडे आली आणि त्यांनी ती जन्मभर सांभाळली. हे जरा डोळ्यांसमोर आणून बघा. ज्या धर्मशास्त्राचा आधार घेऊन बायकांचं आयुष्य बांधून टाकलं जात होतं, त्याच शास्त्राच्या पोथ्यांमध्ये या माणसाचा कामाचा वेळ जायचा. आणि त्याच हाताने तो एका विधवेची कहाणी लिहीत होता.

पण ती कहाणी एकदम नाही सुचली. त्याआधी दोन प्रयत्न झाले. पहिली कादंबरी ‘मधली स्थिति’, १८८५ ची, ‘पुणे वैभव’ या पत्रात आली. रेनॉल्ड्स नावाच्या इंग्रज कादंबरीकाराची तिच्यावर छाया आहे. त्यात हरिभाऊ सगळं सांगणारे. या घरात काय चाललंय, त्या घरात काय, कुणाच्या मनात काय, सगळं त्यांना माहीत. देवासारखे वरून बघतात आणि आपल्याला सांगतात. त्यानंतर ‘गणपतराव’ सुरू केली, ती अर्धीच राहिली.

त्या वेळेपर्यंतच्या मराठी कादंबऱ्या कशा होत्या हेही सांगायला हवं, नाहीतर हरिभाऊंनी काय केलं ते कळायचं नाही. ‘मुक्तामाला’ १८६१ ची, ‘मंजुघोषा’ १८६८ ची. राजपुत्र, राजकन्या, अद्भुत प्रसंग आणि भाषा अशी की शब्दागणिक अलंकार. अपवाद एक, बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’, १८५७ सालचं. त्यात विधवांची दुःखं आहेत, खरी आहेत. नायिका यमुना आपल्या नवऱ्याबरोबर प्रवास करते आणि ठिकठिकाणच्या विधवांची दशा बघते. पण बघते ती बाहेरून. प्रवासी जसा गाव बघतो तशी. आणि लेखकाला जो धर्माचा उपदेश करायचा आहे तो पदोपदी येतो. कळवळा आहे, पण तो आपल्या शेजारी येऊन बसत नाही.

हरिभाऊंच्या नायिकेचं नावही यमुनाच. घरात यमू. १८९० साली त्यांनी ‘करमणूक’ नावाचं साप्ताहिक सुरू केलं. ‘केसरी’, ‘सुधारक’ तेव्हा जोरात होते. वाद, भांडणं, अग्रलेख, सगळं पुरुषांचं. हरिभाऊंनी मुद्दाम करमणुकीचं पत्र काढलं, घरात बसून वाचण्याचं. त्यात १८९० पासून १८९३ पर्यंत, हप्त्याहप्त्याने, आली ‘पण लक्षांत कोण घेतो?’ आणि या वेळी वरून बघणारा लेखक गायब झाला. लिहीत होती यमू. मी, मला, माझं.

तो काळ कसा होता, थोडक्यात सांगते. रखमाबाईंचा खटला १८८४ मध्ये सुरू होऊन १८८८ ला मिटला होता. लहानपणी लावलेलं लग्न मला मान्य नाही, मी नांदायला जाणार नाही, म्हणून उभी राहिलेली ही मुलगी. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये शारदा सदन काढलं होतं. आणि १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला. मुलीचं वय दहावरून बारा! एवढ्या दोन वर्षांसाठी सारा महाराष्ट्र पेटला होता. सभा झाल्या, पत्रकं निघाली, शास्त्रार्थ झाले. टिळक एका बाजूला, आगरकर दुसऱ्या. बोलणारे बहुतेक सगळे पुरुष. जिच्याबद्दल बोलत होते ती दहा-बारा वर्षांची मुलगी माजघरात होती आणि तिला कुणी विचारलेलं नव्हतं.

बायका बोलत नव्हत्या असं नाही. ताराबाई शिंदे यांची ‘स्त्रीपुरुषतुलना’ १८८२ सालीच आली होती, काय धारदार! रखमाबाईंनी १८८५ मध्ये इंग्रजी वर्तमानपत्रात पत्रं लिहिली, पण ती स्वतःचं नाव न घालता, एक हिंदू स्त्री अशा सहीने. खऱ्या बाईला आपला ‘मी’ झाकून लिहावं लागत होतं. आणि इकडे एक पुरुष बाईचा ‘मी’ घेऊन लिहीत होता. हे मला कधी कधी खटकतं. पण त्याने तो ‘मी’ कसा वागवला हे बघितलं की राग ओसरतो.

कसा वागवला? आता जरा स्वयंपाकघरातल्या कृतीसारखं, एकेक करून बघू, कारण लिहिणाऱ्यांनी शिकण्यासारखं इथेच आहे.

एकदा ‘मी’ म्हटलं की लेखकाचे हात बांधले जातात. यमूला जे दिसतं, ऐकू येतं, तेवढंच लिहायचं. ओटीवर पुरुष बसून काय ठरवतात हे तिला कसं कळणार? दाराआडून ऐकलं तर, नाहीतर कुणी सांगितलं तर. त्या काळच्या बाईचं जगणंच असं होतं की तिच्या आयुष्याचे निर्णय भिंतीपलीकडे व्हायचे आणि तिच्यापर्यंत तुकडे यायचे. वरून बघणारा लेखक असता तर त्याने आपल्याला थेट ओटीवर नेऊन बसवलं असतं, सगळं ऐकवलं असतं. आपण शहाणे झालो असतो, पण यमूची घुसमट कळली नसती. ‘मी’मुळे वाचकालाही यमूबरोबर दाराआड उभं राहावं लागतं. कोंडलेपण सांगावं लागत नाही, ते सांगण्याच्या तऱ्हेतच येतं. मला वाटतं, हरिभाऊंनी केलेली सगळ्यात मोठी गोष्ट ही. त्यांना त्या घराबद्दल जे ठाऊक होतं, त्यातलं अर्धं त्यांनी सोडून दिलं.

यमूची मैत्रीण दुर्गी आठवते ना? नवऱ्याच्या हातचा छळ सोसणारी. दुर्गीच्या घरात आपण यमूवाचून जाऊ शकत नाही. ती भेटेल तेव्हा, जेवढं सांगेल तेवढं. मधल्या काळात तिचं काय झालं असेल या काळजीत यमू असते आणि वाचणाराही. माहेरी आलेल्या मैत्रिणीची कहाणी आपल्याला अशीच तर कळते, पंचमीला थोडी, दिवाळीला थोडी.

मग भाषा. ‘मी’ यमू आहे, तर शब्दही यमूचेच हवेत. अलंकार गेले, राजवाडे गेले. आलं ते माजघरातलं बोलणं, सासूबाईंचे टोमणे, सोवळंओवळं, बाळंतिणीची खोली, हळूच पुसलेले डोळे. त्या वेळच्या घरंदाज बाईने नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही. मग नवऱ्याबद्दल लिहायचं कसं? ‘स्वारी’, ‘इकडून येणं झालं’ अशा आडवळणाने. लेखकाने बाहेरून सांगितलं असतं तर रघुनाथराव आले, रघुनाथराव गेले, असं सरळ झालं असतं. आडवळणात जी ओढ आहे, जो संकोच आहे, तो हाताशी आला नसता.

आणखी एक अडचण अशी की आपल्या चटकन लक्षात येत नाही. यमू लिहिते म्हणजे यमूला लिहिता यायला हवं! तेव्हाच्या किती मुलींना येत होतं? म्हणजे ‘मी’ निवडल्याबरोबर गोष्टीत शिक्षण आणावंच लागलं. तिला अक्षरओळख होणं, भाऊ आणि नवरा यांनी उत्तेजन देणं, घरातल्यांनी नाकं मुरडणं, हा सगळा भाग नुसता सुधारणेचा प्रचार नाही, तो कथानकाचा पाया आहे. तो नसता तर आपल्या हातातलं पुस्तकच झालं नसतं.

यमूमध्ये खरं तर दोघी आहेत. एक लहान यमू, दादाशी भांडणारी, वडिलांना भिणारी, आईला का रडू येतंय ते न कळणारी. दुसरी मोठी यमू, सगळं भोगून झालेली, मागे वळून लिहिणारी. लहानगीला जे कळत नाही ते आपल्याला कळतं, आणि मोठीला जे ठाऊक आहे ते ती लगेच सांगून टाकत नाही. या दोघींमधल्या अंतरातच वाचणारीच्या डोळ्यांत पाणी येतं. तुम्ही स्वतःच्या लहानपणाबद्दल लिहिणार असाल तर हे जरूर आठवा. आठ वर्षांच्या मुलीच्या तोंडी पन्नाशीचं शहाणपण घातलं की गोष्ट बिघडते.

सगळीकडे हरिभाऊंना हे जमलं आहे असं मी म्हणणार नाही. यमू रघुनाथरावांबरोबर मुंबईला राहायला जाते, विष्णुपंत आणि लक्ष्मीबाई या सुधारक जोडप्याचा सहवास मिळतो, तो भाग गोड आहे. पण स्त्रीशिक्षण, सुधारणा यांवरची लांब बोलणी सुरू झाली की मला यमू दिसेनाशी होते आणि तिच्या पदराआडून हरिभाऊ बोलायला लागतात. ‘सुधारक’चा अग्रलेख वाचल्यासारखं होतं. मी तर ती पानं पहिल्या वाचनात भराभर उलटली होती, खोटं कशाला सांगू. आणि आणखी एक. यमूला दिसतं ते पुण्या-मुंबईच्या ब्राह्मण घरापुरतंच. भांडी घासायला येणारी बाई, अंगण झाडणारी, त्यांना काय दिसत होतं? ते या पुस्तकात नाही. ‘मी’ची हीच तर मर्यादा. एका खिडकीतून एकच गल्ली दिसते.

पुरुष असून बायकांचं बोलणं, त्यांचं मन हरिभाऊंना कळलं कुठून? नुसत्या कल्पनेने नाही. त्यांचे स्नेही होते गोविंद वासुदेव कानिटकर, न्यायखात्यातले, स्वतः कवी. त्यांची पत्नी काशीबाई कानिटकर. नवव्या वर्षी लग्न झालेल्या या काशीबाई सासरी लपूनछपून वाचायला शिकल्या आणि पुढे लेखिका झाल्या. ‘रंगराव’ ही कादंबरी त्यांची, डॉ. आनंदीबाई जोशी यांचं चरित्र त्यांचं. काशीबाई हरिभाऊंपेक्षा तीन वर्षांनी मोठ्या. दोघांमध्ये साहित्यावर पत्रव्यवहार चाले, चर्चा होत, एकमेकांचं लिखाण वाचलं जाई. त्या काळात परक्या बाईशी पुरुषाने अशी बरोबरीने मैत्री करणं साधं नव्हतं, लोक बोलतच. पण माजघराच्या आतलं जे पुरुषाला कधी दिसत नाही, ते हरिभाऊंना ऐकायला मिळालं ते अशा मैत्रीतून. यमूचा ‘मी’ उसना होता हे खरं, पण तो उसना घेण्याआधी देणाऱ्यांचं ऐकून घेतलेलं होतं.

आता शेवटाकडे. (कादंबरी वाचायची राहिली असेल तर हा परिच्छेद सोडून द्या.) रघुनाथराव जातात. यमू विधवा होते. शंकरमामंजींसारखी माणसं घरात आहेतच. तिचं जबरदस्तीने केशवपन होतं. १८९० च्या सुमारास विधवेचे केस काढणं ही ब्राह्मण घरांतली नित्याची गोष्ट होती. न्हावी मागच्या दाराने यायचा, मुलीला धरून बसवायचं आणि नंतर अंगावर आलवण. वर्तमानपत्रात त्याचा उल्लेख व्हायचा तो चाल म्हणून, रूढी म्हणून. वाचकांनी मात्र तीन वर्षं दर आठवड्याला या मुलीला मोठं होताना पाहिलं होतं. तिची बाहुली, तिचे हट्ट, तिचं पहिलं पत्र. त्यामुळे वस्तरा फिरला तो रूढीतल्या कुणा विधवेच्या डोक्यावर नाही, आपल्या यमूच्या डोक्यावर. त्यानंतर यमू फार दिवस जगत नाही. आणि इथे ‘मी’ लिहिणाऱ्या लेखकाची शेवटची पंचाईत. मी मेले, असं ‘मी’ कशी लिहिणार? यमूची लेखणी थांबते आणि तिच्या मरणाची बातमी वेगळ्या हाताने, वेगळ्या चार ओळींत येते. इतकी पानं जो आवाज ऐकला तो बंद झाल्याचं त्या परक्या ओळींनी जे कळतं, तसं दुसऱ्या कशाने कळलं नसतं.

१८९३ मध्ये कादंबरी पुरी झाली. त्याच वर्षी पुण्यात धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाईंशी, एका विधवेशी, लग्न केलं. कादंबरीमुळे केलं असं नाही हो, त्यांचा विचार आधीपासूनचा. पण दोन्ही गोष्टी एकाच हवेतल्या.

हरिभाऊ पुढे खूप लिहीत राहिले. लगेचच ‘मी’ नावाचीच कादंबरी केली, १८९३ ते १८९५. यातला ‘मी’ पुरुष, भावानंद. पण वाचकांना त्याच्यापेक्षा त्याची ताईच जास्त लक्षात राहते. भावाच्या नजरेतून बहिणीचं दुःख. म्हणजे या वेळी त्यांनी खिडकी बदलून बघितली. ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिल्या तेव्हा मात्र ‘मी’ बाजूला ठेवला. ‘उषःकाल’, ‘गड आला पण सिंह गेला’, ‘वज्राघात’ यांमध्ये पुन्हा सगळं जाणणारा, वाचकांना हाताला धरून नेणारा सांगणारा आहे. शिवाजी महाराजांना त्यांनी ‘मी’ म्हणून बोलायला लावलं नाही. मोठ्या पटावर किल्ले, स्वाऱ्या, गुप्त भुयारं दाखवायची तर एका माणसाचे डोळे पुरत नाहीत. गोष्ट बघून खिडकी निवडायची, सवयीने नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

‘करमणूक’ त्यांनी सत्तावीस वर्षं चालवलं, १९१७ पर्यंत. त्यामुळे एक झालं, हप्त्याचं लिखाण संपेना आणि कित्येक कादंबऱ्या अर्धवट राहिल्या. ‘यशवंतराव खरे’ अपुरी, ‘कर्मयोग’ अपुरी. आनंदाश्रमाचं काम होतंच, शिवाय पुण्याची नगरपालिका. १९१२ मध्ये अकोल्याच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. रवींद्रनाथांच्या ‘गीतांजली’चं मराठी भाषांतर त्यांनी केलं ते या अखेरच्या वर्षांतलं.

त्यांच्या हयातीतच, १९१० साली, एक पुस्तक आलं. रमाबाई रानडे यांचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’. इथे खरी बाई, खरी विधवा, स्वतःच्या नावाने ‘मी’ म्हणून लिहीत होती. यमूनंतर सतराच वर्षांनी. आणि तरी बघा, रमाबाईंच्या त्या ‘मी’च्या मध्यभागी न्यायमूर्तीच आहेत. स्वतःबद्दल लिहितानाही बाईची नजर नवऱ्याकडेच. कुणाच्या डोळ्यांनी बघायचं, हे ‘मी’ लिहिल्यानेही लगेच सुटत नाही, असं तेव्हा मनात येतं. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ यायला अजून बराच अवकाश होता. त्यात तर लक्ष्मीबाई नवऱ्याच्या लहरींवर हसतातसुद्धा!

३ मार्च १९१९ ला हरिभाऊ पुण्यात गेले. पंचावन्नावा वाढदिवस पाच दिवसांवर होता.

पुण्याला अप्पा बळवंत चौकात पुस्तकं घ्यायला जाल तेव्हा जवळच आनंदाश्रमाची वास्तू आहे, बघा. आणि आपल्या गावच्या वाचनालयात ‘पण लक्षात कोण घेतो?’ नक्की असेल, बहुधा जाड पुठ्ठ्याच्या बांधणीत, मागच्या कपाटात. भाषा जुनी आहे, सुरुवातीची पंधरा-वीस पानं जरा नेट धरून वाचा. एकदा यमू आणि दादाचं भांडण कानात बसलं की मग पुस्तक खाली ठेववत नाही. आणि वाचून झालं की तुमच्या त्या वहीतली सुमनची गोष्ट काढा. पहिलं पान एकदा ‘ती’ ठेवून वाचा, एकदा ‘मी’ घालून पुन्हा लिहा. दोन्ही पानं शेजारी ठेवलीत की सुमनला यातलं काय दिसत होतं आणि तुम्ही आपल्या पदरचं काय घातलं होतं, ते तुमचं तुम्हालाच कळेल.